अपडेटवर आळ

आमच्या अड्याळ गावात कोणाचा कम्प्युटर बिघडला, प्रिंटर रुसला, टीव्हीचा डबा बंद पडला, की लोक माझ्याकडे येतात. मी कुंताबाई. पस्तीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. आधी त्या खडखड करणाऱ्या मशिनी होत्या, मग कम्प्युटर आले. आता इन्स्टिट्यूट बंद केली, पण स्क्रू-ड्रायव्हर काही हातातून सुटला नाही. लोक म्हणतात, कुंताबाईचा हात भल्ला चांगला आहे, तोंडाचं मात्र विचारू नका. खरंच आहे ते. राग माझ्या नाकावरच बसलेला असते.

घरचा कम्प्युटर मी स्वतः जोडलेला. एक-एक सुटा भाग नागपूरवरून आणून, बारा वर्षं झाली. त्याच्यात एकही अपडेट माझ्या परवानगीशिवाय शिरत नाही. काहून ते सांगते. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या भैयाजीच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मी टाइप करून ठेवली होती. मधातच आपल्या मनानं एक अपडेट आला, अन् उघडून पाह्यते तर सगळी मराठी अक्षरं गायब. नुसते चौकोन. नवरीच्या जागी चौकोन, नवरदेवाच्या जागी चौकोन, लग्नाचं ठिकाण, तेही चौकोन. भैयाजी म्हणे, "मॅडम, हे असंच छापलं तर वऱ्हाड कुठं जाईल?"

तेव्हापासून मी अपडेटले दारातच उभं करते. आला की त्याचा नंबर वहीत लिहिते. तीन आठवडे वाट पाह्यते. ज्यांनी आधी घेतला त्यांचं काय झालं ते नेटवर वाचते. कोणाचा प्रिंटर गेला नाही, कोणाचे फॉन्ट उडाले नाही, अशी खातरी झाली की रविवारी सकाळी सगळ्या फाइलींचा बॅकअप घेऊन मी स्वतः बटन दाबते. सुनेचं स्थळ पाह्यताना एवढी चौकशी केली नव्हती.

सून म्हणजे हर्षा. माहेर लाखांदूरकडचं, बी.एस्सी. झालेली, बोलते कमी अन् वाचते जास्त. माझा पोरगा प्रविण तुमसरले राइस मिलमध्ये मशिनीवर आहे, शनिवारचा येते. घरात आम्ही तिघंच, मी, हर्षा अन् माझे मालक. हर्षानं घरबसल्या करायचा एक वर्षाचा कोर्स घेतला होता, बियाणे तपासणीचा. बियाणं खरं की भेसळीचं, उगवते की नाही, हे तपासून सांगायचं. पवनीच्या एका प्रयोगशाळेनं तिच्यासाठी जागाही धरून ठेवली होती, फक्त सर्टिफिकेट आणा म्हणत होते. शेवटचा एक पेपर उरला होता. मागच्या वर्षी त्याच पेपराच्या दिवशी ही डेंग्यूनं दवाखान्यात. अन् नियम असा, की एका पेपराले दोनच संधी. म्हणजे यावर्षी हुकला तर वर्षभराची मेहनत पाण्यात अन् पवनीची जागाही गेली.

पेपर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होता, दुपारी बारा ते दीड, ऑनलाइन. मोबाइल चालत नाही. परीक्षेचं सॉफ्टवेअर ज्या कम्प्युटरवर आधी नोंदवलं, त्याच्यावरच उघडते. नोंदवलं होतं आमच्या कम्प्युटरवर. मी तिले सांगून ठेवलं होतं, "तू अभ्यास पाह्य, कम्प्युटर माझ्यावर सोड."

दसऱ्याले आमच्या घरी अवजारांची पूजा होते. आमचे हे, म्हणजे घनश्याम (नाव लिहायले हरकत नाही, घ्यायले आहे), विळे, पावडे, फवारणीचा पंप अंगणात ओळीनं मांडतात. त्यांच्या बाजूले माझे स्क्रू-ड्रायव्हर, मल्टीमीटर, सोल्डरिंगची पेन्सिल. कम्प्युटरची पूजा मात्र त्याच्या टेबलावरच. दरवर्षी मी डब्याले बाहेरून कुंकू लावून मोकळी होत होती. यावर्षी उकाडा लय, म्हणून डब्याचा एका बाजूचा पत्रा काढून ठेवला होता. आतलं सगळं उघडं दिसत होतं. मले वाटलं, काम तर आतलं करते अन् कुंकू आपण पत्र्याले लावतो, हे काही बरोबर नाही. प्लग काढलेला होता, एवढी अक्कल शाबूत होती. हळदीत भिजवलेल्या अक्षता मूठभर घेतल्या अन् आत वाहिल्या. हात जोडून म्हटलं, बाबा, उद्या पोरीले दगा देऊ नको.

हर्षा मागं उभी होती. "आई, आत कायले टाकता? मी ब्रशनं काढून घेऊ का?"

"दसऱ्याले पूजेतल्या अवजाराले कोणी हात लावते का? उद्या सकाळी काढीन मी ब्लोअरनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी ब्लोअर लावला. अक्षता उडाल्या, फरशीवरून वेचून तुळशीत टाकल्या, प्लग लावला, बटन दाबलं. कम्प्युटर सुरू झाला. मी चहा आणायले गेली, परत येऊन पाह्यते तर पडदा काळा. पुन्हा सुरू केला. चार मिनिटं चालला अन् पुन्हा बंद. ना काही सूचना, ना काही निरोप. तिसऱ्यांदा सुरू केला अन् घाईघाईनं अपडेटची यादी उघडली. सगळ्यात वर एक अपडेट होता, सोळा सप्टेंबरचा. माझ्या वहीत तो नव्हता.

माझ्या डोक्यात सण्णकन गेलं.

"हर्षा, इकडं ये."

ती नोट्स हातात घेऊन आली. मी पडद्याकडे बोट दाखवलं. "हा सोळा तारखेचा अपडेट कोणी घेतला?"

तिनं पडद्याकडे पाह्यलं, मग माझ्याकडे. "आई, अपडेटनं असं नाही होत."

"मी काय विचारून राहिली अन् तू काय सांगून राहिली? घरात माणसं तीन. तुझ्या सासऱ्याले माउस कोणत्या बाजूनं धरतात ते माहीत नाही. मी घेतला नाही. राहिलं कोण?"

"पण सोळा तारखेपासून तो चांगलाच..."

"सोळा तारखेपासून हे भूत आत बसून आहे, आज उठलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला तू. अन् वरून तोंडावर खोटं बोलते."

तेवढ्यात पडदा पुन्हा काळा झाला. हर्षा नोट्स छातीशी धरून आतल्या खोलीत गेली. आमचे हे दारात उभे होते. म्हणाले, "कुंता, पोरीचा पेपर आहे आज."

"मग मी काय नाचून राहिली का इथं?"

ते गप अंगणात गेले. मी तो अपडेट काढायले बसली. काढायले किमान दहा मिनिटं पाह्यजेत, अन् कम्प्युटर चार मिनिटांच्या वर जगत नाही. सुरू केला, बंद पडला. मग तीन मिनिटांवर आला, मग दोन. सुरू करायची, शिव्या घालायची, पुन्हा सुरू करायची. पस्तीस वर्षं मी पोट्ट्याइले शिकवत आली, की मशीन बिघडली तर आधी कान लावा, मग हात लावा. त्या दिवशी माझे कानही बंद होते अन् डोकंही. मले गुन्हेगार सापडला होता, मग तपास कायले करू? असं अकरा वेळा केलं. सव्वादहा वाजले.

बाराव्या वेळी बटन दाबलं तेव्हा हर्षा केव्हा आली मले कळलं नाही. खाली बसून तिनं डब्याले कान लावला.

"आई, आवाजच नाही येऊन राहिला."

"कशाचा?"

"पंख्याचा."

मी बटन दाबून धरलं, प्लग काढला अन् टॉर्च आणला. आतमध्ये जो मुख्य पंखा असते, प्रोसेसरच्या डोक्यावरचा, त्याच्या पात्यांत अन् चौकटीत दोन पिवळे दाणे जाम बसले होते. हळदीच्या ओल्या लगद्यानं चिकटून वाळलेले. मी ब्लोअर मारला तेव्हा बाकीच्या अक्षता बाहेर उडाल्या अन् हे दोन आत घुसले. पंखा फिरत नव्हता, प्रोसेसर तापत होता, अन् जळायच्या आधी कम्प्युटर स्वतःले वाचवत बंद होत होता. अपडेटचा काही संबंध नव्हता. हर्षानं चिमट्यानं दाणे काढले, तळहातावर घेतले अन् उजेडात धरून पाह्यले.

"आपल्याच शेतातल्या बांधीतला चिन्नोर तांदूळ आहे," ती म्हणाली. "एक दाणा अजून अखंड आहे."

दुसरी कोणी असती तर तेव्हा मले चार शब्द सुनावले असते, अन् मी ऐकून घेतले असते. तिनं नुसते दाणे टेबलावर ठेवले. मी बोटानं पंखा ढकलून पाह्यला. मोकळा झाला होता, पण प्लग लावला तरी फिरेना. इतक्या वेळा मी त्याले जाम अवस्थेत करंट दिला होता, मोटर जळली होती. म्हणजे दाणे टाकले तेही मीच अन् पंखा जाळला तोही मीच.

माझ्या जुन्या सामानाच्या पेटीत दोन पंखे होते, दोन्हीचे अडकवायचे खटके बसेनात. पवनीचं दुकान अकराले उघडते, यष्टीनं जाऊन बारापर्यंत परत येणं शक्य नाही. टेबलफॅन आणला तर त्याची खरखर एवढी, की सरावाच्या परीक्षेत त्याच आवाजापायी सॉफ्टवेअरनं तिले दोनदा ताकीद दिली होती. छताचा पंखा डब्याच्या आतपर्यंत पोचत नाही. साडेअकरा झाले होते. हर्षा ओठ दाबून बसली होती, अन् नोट्सच्या कागदाचे कोपरे दुमडून राहिली होती. तेव्हा मले खरीखुरी भीती वाटली. मशिनीची नाही. हिचं एक वर्ष माझ्या हातानं जाईल, अन् ही मले कधी काही म्हणणारही नाही, याची.

मी स्वयंपाकघरात गेली अन् सूप घेऊन आली.

लहानपणी खळ्यावर मी आईसोबत सुपानं वारा घालून धान साफ केलं आहे. तासन्‌तास. सुपाचा वारा मोठा येते अन् आवाज होत नाही. जळका पंखा काढून टाकला, कम्प्युटर सुरू केला. पंखा सापडत नाही म्हणून तो पडद्यावर कुरकुरला, त्याले एक बटन दाबून चूप केलं अन् लागली वारा घालायले. तापमान दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी ठेवलेलं आहे. आकडा साठवर गेला, बासष्टवर गेला अन् तिथंच थांबला. पाच मिनिटं झाली, सात झाली. बंद पडला नाही.

"मी टेबलाखाली बसते," मी म्हटलं. "कॅमेऱ्यात दिसणार नाही. कोणाले पत्ता लागत नाही."

हर्षानं मान हलवली. "नाही आई. खोलीत दुसरं माणूस असलं तर सांगावं लागते. मी सांगीन."

"नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

बाराले पाच कमी असताना पडद्यावर परीक्षेच्या मॅडमचा आवाज आला. खोली चारही बाजूंनी दाखवा म्हणाल्या. हर्षानं कॅमेरा फिरवला अन् माझ्यावर आणून थांबवला. मी खाली बसलेली, हातात सूप.

"या कोण?"

"माझ्या सासूबाई. प्रोसेसरचा पंखा जळला आहे मॅडम, म्हणून त्या वारा घालून राहिल्या. त्यांनी थांबवलं तर कम्प्युटर बंद पडते."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला, पण तो खोकला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "मी वरिष्ठांना विचारते." दोन मिनिटांनी परत आल्या. "परवानगी आहे. अटी ऐका. सासूबाईंची पाठ पडद्याकडे हवी. कॅमेरा बाजूला असा ठेवा, की त्यांचा चेहराही पूर्ण वेळ दिसेल. आणि त्यांचं तोंड बंद राहिलं पाहिजे. एक शब्द जरी आला, तरी पेपर तिथेच थांबेल."

बाहेर खिडकीशी आमचे हे उभे होते. ते ऐकून त्यांनी असा चेहरा केला, की मी हातातलं सूप फेकून मारलं असतं. छत्तीस वर्षांत त्यांना जे जमलं नाही ते त्या मॅडमनं दोन मिनिटांत करून दाखवलं होतं.

स्टुलावर बसली, तोंड हर्षाकडे, हातानं डब्यात वारा. पेपर सुरू झाला.

तुम्हाले वाटत असेल, हात दुखला असेल. दुखला ना. वीस मिनिटांनी खांदा बोलायले लागला, पाऊण तासानं मनगट. हात बदलून-बदलून घालत राहिली. आमचे हे खिडकीतून चहाचा कप दाखवत, मग स्वतःच पिऊन टाकत. पण हाताचं काही नाही, ते सहन होते. मले जाळून राहिलं होतं ते तोंडातलं. सकाळी मी तिले खोटारडी म्हटलं होतं. दाणे निघाले तेव्हाच म्हणायले पाह्यजे होतं, बाई, चुकलं माझं. तेव्हा म्हटलं नाही, अन् आता म्हणता येत नव्हतं. दीड तास माफी तोंडात धरून बसायचं, अन् जिची मागायची ती हातभर अंतरावर.

तिच्या तोंडाकडे पाह्यत बसायशिवाय दुसरं काम नव्हतं. चार वर्षं झाली तिले या घरात येऊन, पण मी तिले एवढा वेळ कधी पाह्यलं नव्हतं. एखादा प्रश्न आला की ती डावी भुवई वर करते. उत्तर येत असलं की ओठाच्या कोपऱ्यात थोडंसं हसते, कोणाले न दाखवता. एकदा मधात ती बराच वेळ थांबली, तेव्हा माझं सूप जोरजोरानं चालायले लागलं, जसं काही उत्तर वाऱ्यानंच येणार होतं. तिनं माझ्याकडे न पाह्यता बोटानं हळू असा इशारा केला. मी हळू झाली.

दीड वाजता पेपर संपला. ती पास झाली हे आताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडंच राहील. दिवाळीच्या आधी निकाल लागला, आता रोज पवनीले जाते. पण मले सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

मॅडम म्हणाल्या, "झालं. सासूबाई, आता बोला." अन् पडदा बंद झाला.

सूप खाली ठेवलं. हात वर उचलत नव्हता. मी म्हटलं, "हर्षा, चुकलं माझं. मी तुले खोटारडी म्हटलं, ते फार चुकलं." एवढं बोलताना मले रडू आलं. मले रडायची सवय नाही, त्याच्यानं धड रडताही आलं नाही.

हर्षा उठली नाही. की-बोर्डकडे पाह्यत बसली. मग म्हणाली, "आई, तो अपडेट मीच घेतला होता."

मी डोळे पुसायचे थांबवले.

"परीक्षेचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय बसतच नव्हतं. नोंदणीची शेवटची तारीख सतरा होती. सोळाले तुम्ही अर्जुनीले तेरवीले गेल्या होत्या."

"मग सकाळी सांगायचं नाही का? मी विचारत होती ना?"

"तुम्ही विचारत कुठं होत्या, आई? तुम्ही तर सांगत होत्या."

मी विचारलं, "बॅकअप घेतला होता?"

"दोनदा घेतला. एक पेन ड्राइव्हवर. नेटवर वाचलं, कोणाचे फॉन्ट गेले काय ते पाह्यलं. तुम्ही करता तसंच सगळं केलं, फक्त तीन आठवडे नव्हते माझ्याजवळ. दुसऱ्या दिवशी तुमची मराठी फाइल उघडून पाह्यली, अक्षरं ठीक होती. तेव्हा जेवली."

म्हणजे ही पोरगी माझ्या घरात एक दिवस उपाशी बसली, माझी अक्षरं शाबूत आहेत की नाही या काळजीनं. पस्तीस वर्षं मी लोकाइले शिकवत आली, बटनाले भिऊ नका, मशीन खात नाही. माझी सून मशिनीले बिलकुल भ्याली नव्हती. ती मले भ्याली होती. अन् हे मले इतकं लागलं, की खांद्याचं दुखणं त्याच्यापुढं काहीच नव्हतं.

आमचे हे दारातून डोकावले. "आता जेवाले वाढू का, की अजून पेपर आहे?"

"वाढा," मी म्हटलं. "अन् मले भरवा, हात उचलत नाही माझा."

हर्षा हसली. तिनं माझा खांदा दाबायले घेतला, चांगला जोर लावून. मी म्हटलं, "पुढच्या महिन्याचा अपडेट तू पाह्य. केव्हा घ्यायचा, घ्यायचा की नाही, सगळं तूच ठरव."

तिचे हात थांबले. "तुम्हाले विचारून घेऊ, का सांगून?"

विचारून, असंच माझ्या तोंडात आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं.

"सांगून," मी म्हटलं. "अन् घाईत असली तर नंतर सांगितलं तरी चालते."